आठ चौकोनांचा जतन विभाग

डिजिटल जतन विभाग मंजूर झाला तर मामांच्या पदरात काय पडणार, हा हिशोब सोपा होता. खिडकीची खोली, दारावर पाटी, आणि निवृत्तीआधीची दोन वर्षं 'विभागप्रमुख' म्हणून. तेहतीस वर्षं अभिलेखागारात हेडक्लार्क राहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

अडचण एकच होती. सातांपेक्षा कमी माणसांच्या विभागाला प्रमुख मिळत नाही असा नियम, आणि हे जतनाचं काम करणारं माणूस एकच: मामांची भाची. तीही कंत्राटी, मामांनीच चिकटवलेली. दर अकरा महिन्यांनी तिचा करार संपायला आला की तिची आई, म्हणजे मामांची ताई, फोन करायची. "माझ्या पोरीचं काय ते बघ हं. तुझ्या भरवशावर बसलेय मी."

काम तसं कंटाळवाणं. जुने कागद स्कॅन करायचे, फाइलींच्या तीन प्रती तीन वेगळ्या इमारतींत ठेवायच्या, आणि दर महिन्याला तिन्ही ताडून बघायच्या. कागद बिघडताना निदान पिवळा पडतो. फाइल बिघडते ती गुपचूप.

मामांनी तक्ता काढला. वर प्रमुखाचा चौकोन, खाली सात. वॉचमन, रोखपाल आणि ग्रंथपालबाई हे प्रतरक्षक, म्हणजे एकेक प्रत सांभाळणारे. माळी तापमान-नोंदक. बाइंडर दुरुस्ती-तज्ज्ञ, टायपिस्ट वर्णन-अधिकारी. ड्रायव्हरसाठी काहीच सुचेना, तेव्हा तो 'समन्वयक'. सगळे कायम नोकरीतले, सगळ्यांना अतिरिक्त कार्यभार.

"मामा, माझा चौकोन कुठाय?"

"अगं, कंत्राटी माणूस तक्त्यात बसत नाही. तू तक्त्याच्या खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"पाया समज."

प्रतींच्या तीन हार्ड डिस्क सही करून ताब्यात घ्यायची वेळ आली तेव्हा तिन्ही प्रतरक्षकांना घाम फुटला. हरवली तर? रोखपालाने तिजोरीतली अक्कल चालवली. "जोखीम एकट्याच्या गळ्यात नको. एक लोखंडी कपाट, तीन कुलपं, तिघांकडे एकेक किल्ली." तिन्ही डिस्क एकाच खणात शेजारीशेजारी विसावल्या.

"अहो, कपाटाला आग लागली तर तिन्ही एकदमच जातील!" भाची म्हणाली.

"तीन कुलपांतून आग शिरते कशी?" वॉचमनने विचारलं.

तिन्ही किल्ल्या एका दिवशी काही जमेनात. दोन महिने ताडणी झालीच नाही. भाचीने तक्रार केली, तर मामा म्हणाले, "विभागाच्या मंजुरीची तपासणी होईपर्यंत दम धर."

तपासणी-अधिकारी बाईंनी तक्ता पाहिला आणि खूश झाल्या. "सात कायम माणसं! मग ही कंत्राटी जागा हवीय कशाला? रद्द करू. विभाग तिच्याशिवाय चालतो, एवढं लिहून द्या आणि सही करा. तुमचं प्रमुखपद मी आजच पुढे पाठवते."

मामांनी पेनाचं टोपण काढलं. भाची स्कॅनरची काच पुसत होती. तीच काच ती तिसऱ्यांदा पुसत होती.

"त्याआधी एक प्रत उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

वॉचमन रात्रपाळी करून घरी झोपला होता आणि किल्ली त्याच्या उशाखाली होती. समन्वयकाला पहिल्यांदाच खरं काम मिळालं. तासाभराने तो किल्लीसकट झोपाळू वॉचमनला घेऊन आला. कपाट उघडलं. डिस्क टेबलावर आली आणि सातही जण तिच्याकडे पाहुण्याच्या पोराकडे बघावं तसे बघू लागले.

"जोडा ना," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडे फक्त किल्ली आहे," रोखपाल म्हणाला.

"माझ्याकडे फक्त वर्णन," टायपिस्ट म्हणाली.

"खोलीत चोवीस अंश आहे मॅडम," माळ्याने ठणकावून सांगितलं.

शेवटी भाचीने हात पुसले आणि तिन्ही डिस्क एकेक करून जोडल्या. दुसरी डिस्क मेलेली निघाली. तिने पहिली आणि तिसरी ताडून पाहिली, दोन्ही जुळल्यावर नव्या डिस्कवर प्रत चढवायला लावली आणि पुन्हा काच पुसायला गेली.

"बरं," बाई मामांना म्हणाल्या, "सही?"

मामांनी कागदाकडे पाहिलं, मग भाचीच्या पाठीकडे.

"मॅडम, मजकूर बदलावा लागेल. ही आहे म्हणून विभाग आहे. हे सात जण आणि आठवा मी, आम्ही नुसते चौकोन आहोत."

"मग विभागात एकच माणूस उरतं. एका माणसाला प्रमुख मिळत नाही, ठाऊक आहे ना?"

"नियम मीच पाठ केलाय मॅडम."

बाईंनी आठही चौकोनांवर काट मारली आणि एका कायम जागेची शिफारस लिहिली. तीन महिन्यांनी ती मंजूर झाली आणि भाची कायम झाली. डिस्क तीन इमारतींत गेल्या. माळी मात्र अजून रोज तापमान लिहितो. त्याला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

आता याची किंमत कुणी काय भरली ते मांडू. संस्थेने एक डिस्क भरली. भाचीने काहीच नाही, आणि ताईने फक्त फोनवर आनंदाने रडण्याचं बिल. मामांनी प्रमुखपद भरलं, पण ते त्यांचं कधी झालंच नव्हतं. खरी किंमत मामींनी भरली. 'हे प्रमुख झाले' असं त्यांनी माहेरी, शेजारी आणि भाजीवालीलाही आधीच सांगून टाकलं होतं, आणि ते एकेका दारी परत घ्यायला त्यांना एकटीला जावं लागलं.