साडेचारशे झुरके

घरात कुणी खोकलं की गिरीश अँटिजेन टेस्टचं पाकीट फोडत असे. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या सरकारी इस्पितळातला हा डॉक्टर गेलं दीड वर्ष खोकल्याचा एकच अर्थ बघत आला होता. ऑक्टोबरात त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीची, पूर्वीची, तिसरी टेस्टही निगेटिव्ह आली. "ग्रँड," असं म्हणून तो ड्युटीवर गेला. निगेटिव्ह म्हणजे बरी, असं सगळ्या घरानं धरलं.

तिचे आजोबा मोरेश्वर यांनीही तेच धरलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि कोविडमुळे इथेच अडकले. मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, पण इथे शिकायला कुणी नव्हतं. म्हणूनच सप्टेंबरात पूर्वी वही घेऊन शेजारी बसली, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं.

"आजोबा, स्कूल प्रोजेक्ट आहे. बॅटरीवर गरम होणारा ग्लव्ह. पण बॅटरी लंचलाच डेड होते."

"तारेचा रोध किती?"

"हाफ ओहम. बॅटरी चार व्होल्ट."

"चार भागिले अर्धा, म्हणजे आठ अँपिअर. अगं, नळ पूर्ण सोडलास तर टाकी रिकामी होणारच की! रोध दुप्पट कर, एक ओहम. प्रवाह निम्मा होईल, बॅटरी दुप्पट टिकेल. व्होल्टेज थोडं उतरवलंस, तर त्याहून जास्त. ऊब मात्र कमी मिळेल."

"आजोबा, यू आर अ लेजंड."

ते दोन दिवस खुशीत होते. तो ग्लव्ह बघायचा मात्र राहून गेला.

तिसऱ्या टेस्टच्या दुसऱ्या दिवशी ते टॉवेल घ्यायला 'हॉट प्रेस'कडे गेले. गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या त्या कपाटात घड्यांखाली एक चपटी डबी हाताला लागली. वर तोंडात धरायची नळी, आत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यावर कोरलेला आकडा: एक ओहम. मोरेश्वर तिथेच स्टुलावर बसले.

डबीवर दुकानाचा पत्ता होता. चालत जाऊन त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, शाळकरी मुलीला ई-सिगरेट कशी विकता? काउंटरमागचा माणूस सौजन्यानं म्हणाला, वयाची बंदी घालणारा कायदाच अजून नाही, सर. कुणावर रागवावं तेही कळेना.

संध्याकाळी त्यांनी डबी आणि वही पूर्वीसमोर ठेवली. तिचा चेहरा उतरला.

"यू वेंट थ्रू माय स्टफ?"

"टॉवेल शोधत होतो. बस. राहिलेलं गणित करू. बॅटरी दीड अँपिअर-तासाची आहे, प्रवाह चार अँपिअर. किती वेळ चालेल?"

तिनं नाइलाजानं भागाकार केला. "साडेबावीस मिनिटं."

"सेकंद?"

"तेराशे पन्नास."

"एक झुरका किती सेकंदांचा?"

"थ्री." ती पुढचं लिहू लागली आणि पेन्सिल थांबली. साडेचारशे.

"रोज संपते बॅटरी?"

तिनं होकारार्थी मान हलवली. "आधी लंचला संपायची, मग घरी येईपर्यंत थांबावं लागायचं. आता वाफ कमी येते, सो आय जस्ट कीप गोइंग."

म्हणजे आधी शाळेत सव्वादोनशे झुरके होते. ते दुप्पट कुणी केले? मोरेश्वरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"फेकून दे ना मग," ते म्हणाले.

"दोनदा फेकलं. नवीन आणलं." तिचा आवाज फुटला. "आजोबा, मला थांबताच येत नाही. व्हॉट डू आय डू?"

चौतीस वर्षांत वर्गातल्या प्रश्नाला त्यांनी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. आज म्हणाले, "मला माहीत नाही गं. पण तू एकटीनं हे करायचं नाहीस."

गिरीश घरी आला तेव्हा पूर्वी खोकत होती. कोट न काढताच तो पाकिटाकडे वळला.

"ठेव ते," मोरेश्वर म्हणाले. "तीनदा तपासलीस. एकदा तिला विचार."

"काय विचारू, बाबा?"

"आधी मीच विचारायला हवं होतं. बॅटरी जास्त वेळ कशी टिकवायची ते मी शिकवलं. कशासाठी, ते विचारलं नाही."

पूर्वीनं वही बापाकडे सरकवली. गिरीशनं आकडा वाचला, डबी पाहिली. मग मुलीच्या शेजारी जमिनीवर बसला.

त्या दिवसापासून वहीत रोज झुरक्यांचा आकडा मांडला जातो. चारशे दहा. तीनशे साठ. मग शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा चारशे तीस. त्या दिवशी मोरेश्वरांना जेवण गेलं नाही. पण आकडा खरा होता आणि तो तिनं स्वतः लिहिला होता.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत असतं, तेव्हा ते देण्याचा मोह मोठा असतो. तुम्हीआम्ही सगळेच त्यात सापडतो. एवढंच करूया: उत्तर देण्याआधी मुलाच्या शेजारी बसून 'कशासाठी?' हे विचारूया. आणि उत्तर ऐकून हातपाय गळाले, तरी तिथून उठायचं नाही.