चौथा बोल्ट वाजतोय

मी एक बोल्ट आहे. करंगळीच्या पेराएवढा. डोक्याला दहा नंबरचा पाना बसतो. बोलतोय म्हणू की वाजतोय म्हणू, माझं मलाच कळत नाही. बोलता मला कधी आलंच नाही. वाजता आलं, तेही नको तेव्हा.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी एका मोटरसायकलच्या क्लचमध्ये होतो. तेल आणि अंधार. आम्ही चौघं भाऊ. प्रत्येकाच्या गळ्यात एक स्प्रिंग, आणि चौघांनी मिळून क्लचच्या प्लेटा दाबून धरायच्या. नीट आवळलेल्या बोल्टाला याहून दुसरं काम नसतं. गप्प बसायचं. सोळा वर्षं बसलो.

गाडी आधी बाबांची, आता ती चालवते त्या मुलीच्या वडिलांची. ते पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. तीस वर्षं तो दणदणाट ऐकला. नोकरी संपली आणि कानही संपत आले. डावा तर गेलाच. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढा जपा. किती दिवस राहील, सांगता यायचं नाही." कानाचं यंत्र आणलं, त्यात नुसती खरखर. ते कपाटात गेलं आणि गाडी मुलीकडे आली. ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. दिवसभर चालू-बंद, चालू-बंद.

मागे एकदा प्लेटा झिजल्या म्हणून तिने गाडी गॅरेजात टाकली. मेकॅनिकने नव्या प्लेटा घातल्या, तिघा भावांना पान्याने आवळलं, मला हाताने फिरवलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो हो, निघालोच," म्हणाला आणि वरून कव्हर लावून टाकलं. माझं आवळायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून मी सुटत चाललो. रोज थोडा. डोकं कव्हरला आतून लागायला लागलं. टक, टक, टक. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मी निघालो तर आत सगळ्याचा चुरा होईल, भर रस्त्यात चाक अडकेल. पण माझ्याकडे शब्द एकच. टक.

तिने चेनला तेल घातलं. नंबरप्लेट आवळली, सायलेन्सर आवळला. माणसाचं असं असतं, हात जिथे पोचतो तिथलंच दुखणं त्याला खरं वाटतं. शेवटी तिने हेल्मेटची काच खाली ओढायला सुरुवात केली. आवाज कमी झाला म्हणे.

एका सुट्टीच्या सकाळी ती अंगणात गाडी पुसत होती, इंजिन चालूच होतं. बाबा आले. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक कव्हरला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. डोळे मिटले. कानाने येत नव्हतं ते हाडांतून यायचं. कारखान्यातली जुनी सवय ही.

"क्लच दाब," ते म्हणाले. तिने दाबला. "सोड." सोडला. "पुन्हा दाब."

मग मूठ तोंडातून काढून म्हणाले, "क्लचमधला बोल्ट सैल आहे. एकच."

"बाबा, चेन आहे ती."

"काय?"

"चेन! चे-न!"

"चेन असती तर उभ्या गाडीत कशाला वाजली असती?"

आई दारात उभी होती. म्हणाली, "मी तासभर हाका मारते, त्या यांना ऐकू येत नाहीत. इंजिनाच्या पोटातलं बरं ऐकू येतं!"

हे मात्र त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखलं. "मग तुला काय दातात धरू?"

मुलगी हसली. मला हसता आलं असतं तर मीही हसलो असतो. एवढ्या दिवसांत माझं ऐकलं कोणी, तर ज्याला ऐकू येत नाही त्याने.

इंजिन निवल्यावर त्यांनी गाडी डावीकडे कलती ठेवली, तेल सांडू नये म्हणून. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढलं, भोकं पाडली आणि निघालेला एकेक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचला. घाई नाही. कव्हर निघालं आणि मी पहिल्यांदा ऊन पाहिलं. त्यांनी बोट लावलं, मी डुगडुगलो.

"हा बघ, लेकाचा."

त्यांनी पाना लावला. फिरवला. मी फिरतच राहिलो. माझे आटे झिजून गेले होते. मला धरायचं होतं हो, पण कशाने धरणार? त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि नखाने आटे चाचपले. मुलीने दुकानातून नवा आणला. तो माझ्या जागी बसला, बेताने आवळला गेला. नवं पॅकिंग, वर कव्हर.

गाडी सुरू झाली. बाबांनी पुन्हा मूठ दातांत धरली. बराच वेळ.

"आवाज आहे का गं?"

"नाही बाबा. गेला!"

"गेला ना? नक्की?"

"गे-ला!"

त्यांनी मान हलवली. पण मी त्यांच्या दुसऱ्या हातात होतो, मला बोटं घट्ट होताना कळली. टकटक गेली, ती बोल्टामुळे की कानामुळे, हे त्यांना कसं कळावं? इंजिनाने दात थरथरत होते. थरथर म्हणजे ऐकणं नव्हे.

त्यांनी मला फेकलं नाही. मलमाच्या रिकाम्या डबीत टाकलं.

रोज सकाळी मुलगी कामावर गेली की ते डबी घेऊन खिडकीपाशी बसतात. स्क्रू ड्रायव्हर डबीला टेकवतात, मूठ दातांत धरतात आणि डबी हलवतात. ऐकू आलं की झाकणावर बोटाने टिचकी मारतात, शाबास म्हटल्यासारखी. आधी नुसती कलती केली तरी पुरायचं. मग हलवावी लागली. आता दोनदा, तीनदा. टिचकी उशिरा येते.

मी जीव तोडून आपटतो. पत्र्याच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर. वाजण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे? गप्प बसायचं होतं तेव्हा बसता आलं नाही, आणि आता वाजायचंय तर पुरे पडत नाही. तुमच्या घरी कोणी दुसऱ्यांदा "काय?" म्हणालं, तर एवढं करा, समोर जाऊन सांगा. बाकी तुमच्याही हातात फारसं नसेल, मला माहीत आहे.

आज त्यांनी डबी इतकी जोरात हलवली की झाकण उडायला आलं. टिचकी काही आली नाही. आतून आई ओरडली, "अहो, हळू! सगळ्या गल्लीला ऐकू जातंय!"

बाबांनी झाकण दाबून बसवलं. मूठ दातांत नीट धरली. आणि पुन्हा डबी हलवली.