शिडीच्या पेटीतला कागद

चुडामणबुवांनी चिमटीत बुक्का घेतला आणि हात पुढे केला. शालिग्राम मास्तरांनी तो हात मनगटापाशी हलकेच धरला आणि खाली आणला.

"नको बुवा."

टाळकऱ्यांचे टाळ हातातच राहिले. दत्तजयंतीच्या सप्ताहाचा तो दुसरा दिवस. कीर्तनापूर्वी बुवा स्वतः फिरून प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत, आणि आजवर त्या देवळात कोणी कपाळ मागे घेतले नव्हते.

"गाव बघतंय, मास्तर," बुवा हळू आवाजात म्हणाले. "बोटभर काळा ठिपका. त्यानं तुमचं काय जाईल?"

"मत मागायला आलो नसतो तर लावूनही घेतला असता. पण आज कपाळ पुढे केलं, तर ती फसवणूक होईल. गावाची, आणि तुमच्या देवाचीही."

मास्तर मागे जाऊन खांबापाशी मांडी घालून बसले आणि शेवटपर्यंत कीर्तन ऐकत राहिले. एका ठिकाणी बुवांचा स्वर दाटून आला, तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पण ते पाहायला मागे वळतो कोण!

कीर्तन संपल्यावर देवळाबाहेरच्या निंबाखाली माणसे जमली. स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच निवडणूक. देवपूरच्या शाळेतली नोकरी सोडून मास्तर दिल्लीच्या जागेसाठी उभे राहिले होते. पक्ष नव्हता. निशाणी मिळाली होती शिडीची. समोरच्या उमेदवाराची दिव्याची.

"आईनी पाळनामा देव ठेया," चिंधा तेली मोठ्याने म्हणाला, "नि हाऊ म्हनस देवच नही!"

हशा झाला. मास्तरही हसले. "चिंधाभाऊ, नाव आईनं ठेवलं. मला विचारलं नव्हतं."

मग वना आबा पुढे आले. बेचाळीस साली त्यांनी मास्तरांना अकरा दिवस कडब्याच्या गंजीत लपवले होते आणि पोलिसांच्या काठ्याही खाल्ल्या होत्या. ते काय बोलतात याकडे सगळ्यांचे लक्ष लागले.

"भाऊ, तू सोनाना मानूस शे. तुन्हासाठे आजबी मार खासू. पन ज्याना डोकावर कोनी नही, त्याना हातमा आपलं डोकं कसं देवानं?"

यावर कोणी हसले नाही. मास्तरांनी पायाशी पडलेली निंबाची काडी उचलली आणि बोटांत फिरवली.

"माझ्या डोक्यावर तुम्हीच आहात, आबा," ते म्हणाले.

वना आबांनी मान हलवली. पण ती मान होकाराची नव्हती.

बुवा देवळाच्या पायरीवरून ऐकत होते. धुळ्याच्या तुरुंगात त्यांना विषमज्वर झाला होता, तेव्हा याच माणसाने एकवीस दिवस उशाशी बसून त्यांच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. बोटभर काळ्याने एवढे मोठे काम होणार होते, आणि हा माणूस ते होऊ देत नव्हता. बुवांना त्याचा राग आला, आणि रागापाठोपाठ काळजी वाटू लागली.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाने दोन तास गळ्यात घालून उभे राहायचे, तार छेडत नाम घ्यायचे. मग दुसऱ्याने यावे, आधीच्याच्या पायांना हात लावावा आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या गावाने हा पहारा कधी मोडला नव्हता. पण त्या वर्षी कापूस एकदम फुटला. पाचव्या दिवशी दुपारी गाव सगळे शेतात होते आणि बुवा काल्यासाठी पखवाजवाला ठरवायला शेजारच्या गावी गेले होते.

ते परतले तेव्हा उन्हे कलली होती. देवळात आवाज येत होता तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, भागाबाईचा. बालपणीच विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि देवळाची झाडलोट तिच्याकडे होती. बुवा उंबऱ्यापाशी पोहोचले आणि तिथेच थबकले.

वीणा शालिग्राम मास्तरांच्या गळ्यात होती. ते गाभाऱ्याकडे तोंड करून ताठ उभे होते. बोटे तारेवर होती, ओठ मिटलेले. पायाशी बसून भागाबाई नाम घेत होती. कोपऱ्यात घोंगडीखाली झुलाल आबा कुडकुडत पडले होते.

भागाबाईने हातवारे करत सांगितले, ते असे. झुलाल आबांचा पहारा चालू असताना त्यांना हिवताप भरून आला. पुढचा पहारा पुना माळ्याचा, पण तो आलाच नाही. आबांचे गुडघे लटपटू लागले. वीणा भुईला लागणार, एवढ्यात मास्तर कोणी भेटते का पाहायला देवळात शिरले.

"मी म्हनं, भाऊ, तुम्हीच ल्या. बाईमानूसले चालत नही." तिने डोळ्यांना पदर लावला. "मी म्हनं, नाव तं ल्या! तं म्हनतस, अक्का, ते खोटं व्हई. तुम्ही नाव ल्या, मी उभा राहतो."

"किती वेळ झाला?" बुवांनी विचारले.

"पुरा दोन पहारा. मांगेन कोनी उनंच नही."

चार तास. मास्तरांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. बुवांनी पुढे होऊन रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांना हात लावला आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. मास्तर खांबाला टेकून सावकाश खाली बसले.

"मास्तर," बुवांचा श्वास फुलला होता, "परवा काल्याच्या कीर्तनाला पाच गावं जमतात. मी एवढंच सांगतो. जे घडलं तेवढंच. मग बघा शिडी कुठवर जाते."

"नाही बुवा."

"अहो, खोटं थोडंच आहे यात?"

"म्हणूनच नाही. उद्या लोक म्हणतील, मतांसाठी उभा राहिला. मग मलाही वाटायला लागेल, की मतांसाठीच राहिलो होतो." त्यांनी भागाबाईकडे पाहिले. "अक्का, तुम्हीही कोणाला सांगू नका. झुलाल आबांना तर काही आठवणारही नाही."

बुवांनी शब्द दिला. काल्याच्या दिवशी पाच गावे समोर बसली होती, तेव्हा सेवेचे निरूपण करता करता ते एका वाक्यापाशी अडखळले. पखवाजवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. बुवांनी गजर सुरू केला.

जानेवारीत मतदान झाले. शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. पडद्यामागे टेबलावर पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर एकेका उमेदवाराच्या निशाणीचे चित्र होते. बुवा हातात मताचा कागद घेऊन उभे राहिले. शिडीची पेटी समोरच होती. कपाळावरची ती गार पट्टी त्यांना आठवली. मिटलेले ओठ आठवले. ते मिटलेले ओठच डोळ्यांपुढून हलेनात. चार तास देवापुढे उभा राहिलेला माणूस एकदासुद्धा त्याचे नाव घेत नाही. असा माणूस उद्या सगळ्या देशापुढे उभा राहिला तर? आपल्या नातवंडांच्या तोंडी नाम राहील का?

"आटपा बुवा," पडद्याबाहेरून अधिकारी म्हणाला.

बुवांनी कागद दिव्याच्या पेटीत टाकला. बाहेर आले तेव्हा बायकांच्या रांगेत भागाबाई उभी होती. त्यांनी तिच्याकडे न पाहता घरचा रस्ता धरला.

निकालानंतर आठवड्याने मास्तर गावात आले. सायकल हातात धरून ते बुवांच्या ओट्यापाशी उभे राहिले. गालफडे बसली होती, पण चेहऱ्यावर हसू होते. भागाबाईने भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत आणून ठेवले आणि ती उंबऱ्याशी कापसातली सरकी काढत बसली.

"अनामत गेली," जेवता जेवता मास्तर म्हणाले, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत होते. "पण मी मोजणीला शेवटपर्यंत बसलो. तुमच्या गावची शिडीची पेटी यायची होती ना. मोजणाऱ्यानं उघडली, उलटी केली. एकच कागद पडला."

बुवांनी चमकून वर पाहिले.

"एवढ्या गावात एक." मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "इतरांचं मला वाईट वाटत नाही. वना आबांनी तर तोंडावर सांगितलं होतं. पण तो एक कागद बघितला आणि, खरं सांगतो बुवा, मला हरल्यासारखं वाटेना. तुम्हाला तो टाकणं किती जड गेलं असेल, ते मला कळतं."

बुवांनी उंबऱ्याकडे पाहिले. भागाबाईचे हात कापसात तसेच थांबले होते. भावाची नजर आली तशी तिने मान खाली घातली आणि पुन्हा सरकी काढू लागली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना काही सांगायची घाई.

"मास्तर..." बुवा म्हणाले.

"असू द्या. आभार मानायचे नाहीत, मला ठाऊक आहे." मास्तरांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि एकाएकी, लहान मूल पुढे येते तसे, बुवांसमोर मान वाकवली. "त्या दिवशी तुमचा हात मी खाली आणला. तेव्हापासून मनाला लागून आहे. आता मत मागायचं नाही कोणाकडे. देव मला अजून दिसला नाही. पण तुमच्यासाठी लावा."

कोनाड्यातली डबी बुवांनी आणली. चिमटीत बुक्का घेतला. समोर ते कपाळ होते, घामाने आणि सायकलच्या धुळीने मळलेले. बुवांचा हात अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला. या खेपेस त्याला कोणी धरले नव्हते.

"काय झालं?" मान वाकवलेलीच ठेवून मास्तरांनी विचारले.

"अक्का," बुवांनी डबी तिच्यापुढे केली, "तू लाव."

"मी?"

"तूच."

भागाबाई उठली. हाताला चिकटलेला कापूस तिने पदराला पुसला, डबीत बोट बुडवले आणि मास्तरांच्या कपाळी ठिपका लावला.

"हे बरं केलं," मास्तर हसले. "अक्कांनी त्या दिवशी माझ्या वाटचं नाम घेतलं, आज बुवांच्या वाटचा बुक्का लावला."

सायकल नदीच्या वाटेने गेली. निंबाखाली बसलेल्या चिंधाने मास्तरांच्या कपाळाकडे पाहून काहीतरी मोठ्याने म्हटले, आणि तिथे हशा उठला.

"अक्का," सायकल दिसेनाशी झाल्यावर बुवा म्हणाले, "त्याले त्या कागदनं का सांगं नही?"

"कसाले? त्याले बरं वाटनं ना." भागाबाईने ताट उचलले. "मी नुसतं नाव लिधं व्हतं रे. उभा तं तोच व्हता."

ती आत गेली. बुवा ओट्यावरच बसून राहिले. चिमटीतला बुक्का अजून तसाच होता. कीर्तनाची वेळ होत आली होती, देवळात कोणीतरी टाळ वाजवून पाहत होते. आणि तो बुक्का कुठे लावावा, हे काही केल्या त्यांना सुचत नव्हते.