बिब्बा आणि बूट

मुरगळायला दक्षाच्या घोट्याला दुसरा वार मिळाला नाही. शुक्रवारी सरावली गावाच्या बाजूला सराव चालला होता, चेंडूमागे धावताना पाय शेताच्या बांधावरून निसटला आणि उजवा घोटा आतल्या अंगाला वळला. रविवारी पुण्याच्या क्लबची माणसं तिला बघायला मसोलीच्या मैदानावर यायची होती.

हा क्लब पगार देऊन मुलींना फुटबॉल खेळवणारा. डहाणूच्या कॉलेजात खेळ शिकवणारे अमृत सर वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. फोन करकरून त्यांनी त्या लोकांना इतका वैताग आणला की शेवटी ती माणसं एकदाची येतो म्हणाली. एकदाच, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

दक्षाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. कॉलेज सुटलं की टीम सुटली, टीम सुटली की मैदान सुटलं, हा इथला रिवाजच. गेल्या वर्षीची कॅप्टन बायजी, जिच्या पायातून चेंडू काढायला दोन-दोन पोरी लागायच्या, ती आता उंबरगावच्या कारखान्यात डबे भरते. रस्त्यात भेटली की विचारते, "अजून खेळते तू?" लहानपणी आलेल्या गोवराची चौकशी करावी तसं विचारते. त्या प्रश्नाची दक्षाला भयंकर भीती वाटायची. खेळाशिवाय आपल्यात काही आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाकी काही असावं अशी इच्छाही नव्हती.

म्हणून तिने सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांनी तिला बाहेर बसवलं असतं. दात आवळून सरळ चालत ती रिक्षात बसली आणि रानशेतला घराजवळ उतरल्यावर लंगडली.

आईपासून मात्र लंगडणं लपत नाही. गंगी चिकूच्या वाडीतून नुकतीच आली होती, ओट्यावर पाय पसरून बसली होती. बाप लहान्या गुजरातेत बोटीवर खलाशी, दिवाळीनंतर गेलेला तो पावसाळ्यालाच उगवायचा. घरात ह्या दोघीच.

"का झाला पायाला?"

"काय नाय."

"काय नाय तं पाय उचलून का टाकते? हिकडं ये, बस."

गंगीने घोटा दाबून पाहिला. दक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती रडलीच, पण पायासाठी नाही. "आये, परवा ती माणसा येतील. परवा माना धावता नाय आला तं सगळा संपला."

"संपत नाय. परवा तू धावशील," गंगी म्हणाली आणि उठली.

तिने कोनाड्यातून बिब्बा काढला, सुईला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. ते तिने घोट्याभोवती आणि पावलाच्या वरच्या अंगाला ठिपक्याठिपक्याने लावलं, भिंतीवर चित्र काढावं इतक्या निगुतीने. गंगीच्या स्वतःच्या दोन्ही पावलांवर असले जुने डाग होते. भाताच्या लावणीत पाय मुरगळला, बिब्बा. लाकडं आणताना घसरली, बिब्बा. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. तिच्या आईचंही तसंच आणि आजीचंही तसंच. दक्षाही बिब्ब्यावर वाढलेली पोर, तिने मुकाट्याने पाय पुढे केला. तीन वर्षं बूट घालून खेळणाऱ्या मुलीच्या डोक्यात तेव्हा बूट आला नाही, याचं नवल करावं की रडावं?

शनिवारी सूज उतरली. खरंच उतरली. दक्षा अंगणात हळूहळू धावली, उड्या मारल्या, आईच्या गळ्यात पडली. पावलावर जरा खाज होती, एवढंच.

रविवारी सकाळी जिथे जिथे ठिपका होता तिथे तिथे फोड होता. पावलाच्या वर, जिथे बुटाची नाडी बांधतात तिथले फोड तर एकमेकांत मिसळून चांगले टपोरे झाले होते, आत पाणी डुचमळत होतं.

"आली बघ फोडी," गंगी समाधानाने म्हणाली. "आता वीख भायेर पडल." तिच्या लेखी औषध लागू पडलं होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. ती आयुष्यभर चपलेत नाहीतर अनवाणी वावरलेली बाई. अनवाणी पायाला वरच्या अंगाचा फोड काय करणार? दक्षाने बूट पिशवीत भरले. आईने आज पहिल्यांदाच खेळ बघायला यायचं म्हणून वाडीवर खाडा केला होता, धुतलेलं लुगडं नेसली होती. तिला आता काय सांगायचं?

मैदानावर पोरी बूट चढवत होत्या. दक्षा आडोशाला बसली. बूट अर्ध्यापर्यंत गेला आणि तिच्या पायातून कळ थेट मस्तकात गेली. तिने वरच्या भोकांतली नाडी उपसून काढली, बुटाची जीभ बाहेर ओढली, पायाला रुमाल गुंडाळला. रुमालाने बूट आणखीच घट्ट झाला. तिने रुमाल फेकून दिला.

तिच्या टीममधली शितल हे बघत होती. "वेडी झालीस काय? सरांना सांग."

"सांगशील तर याद राख."

"अगं पण..."

"शितल, पाया पडते तुझ्या. आजचा दिवस फक्त."

तिने डोळे मिटले आणि पाय आत कोंबला. आत काहीतरी फुटलं, ओलं झालं.

पहिली काही मिनिटं ती खेळली कशी ते तिचं तिलाच ठाऊक. डाव्या पायाने पास दिले, डाव्या पायाने चेंडू अडवला, एकदा दोघींना चकवून कोपऱ्यातून आत घुसली आणि डाव्यानेच गोल मारला. कडेला उभी असलेली क्लबची प्रशिक्षक, योगिता मॅडम, मान वर करून बघायला लागली. पण दक्षा उजव्या पायाची खेळाडू होती, आणि सरांनी हजार वेळा फोनवर कौतुक केलं होतं ते त्याच पायाचं. मग तसा चेंडू आला. समोर मोकळा गोल, चेंडू उजवीकडे. तिने मारला. चेंडू घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला आणि दक्षा खाली बसली. पांढरा मोजा वरून लाल झाला होता.

सरांनी तिला उचलून बाहेर आणलं. बूट काढताना ती ओरडली. सर पायाकडे बघतच राहिले. "हे काय करून ठेवलंस, दक्षा?" एवढंच म्हणाले.

योगिता मॅडम वाकून घोटा चाचपत होती. "हा मुरगळलेला आहे. जुनी दुखापत दिसते. किती महिन्यांपासून लपवतेस?"

"नाही मॅडम, परवाच..."

"आणि हे भाजलेलं? हे बघ, जखमा लपवणाऱ्या मुली मी खूप बघितल्या. अर्ध्या मोसमात पाय जातो, मग क्लबचंही नुकसान आणि तिचंही. खरं सांगणार असशील तर सांग, नाहीतर मी निघते."

गंगी पळत येऊन उभी राहिली होती, धापा टाकत. लेकीच्या पायाकडे बघत होती, तिला अजून उमगलं नव्हतं. दक्षाने एकदा आईकडे पाहिलं. गप्प राहिली तर आईला कधीच कळणार नाही. गप्प राहिली तर ही बाई गाडीत बसून निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी बायजीच्या शेजारी बसून डबे भरायचे.

"आईने बिब्बा लावला," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाय परवाच मुरगळला, मॅडम, देवाशपथ. फोड बिब्ब्याचे आहेत. बूट त्यांच्यावरच बसला, म्हणून हे झालं. माझा पाय चांगला आहे हो. मला पुन्हा एकदा बघा."

मॅडमने घोटा पुन्हा एकदा दाबून पाहिला. "फोड भरले की सरांबरोबर पुण्याला ये. घोटा तपासून घेऊ," ती म्हणाली. "जागा शिल्लक असेल असं मात्र सांगत नाही." आणि ती उरलेल्या पोरी बघायला वळली. त्यातल्या शितलचं नाव तिने दोनदा विचारलं.

रस्त्याच्या कडेला दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. दक्षाच्या पायाला पट्टी, हातात पिशवी. दक्षाला वाटत होतं, आईने शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी, काहीही करावं. "आये, मी..." ती म्हणाली.

गंगीने पिशवीतून उजवा बूट काढला. चप्पल बाजूला सारली आणि आपलं रुंद, भेगाळलेलं पाऊल त्यात घातलं. जाईना, तसं दाबून दाबून घातलं.

"बांध," ती म्हणाली.

"आये, काय करते? रगत लागलंय त्याला."

"बांध सांगते ना."

दक्षा रस्त्यावर बसली आणि तिने नाडी बांधली. गंगीने वाकून बोटांनी बुटावरून चाचपलं, जिथे जिथे तिने ठिपके दिले होते तिथे. प्रत्येक जागा तिला पाठ होती. पावलावरच्या सगळ्या जागा नाडीखाली होत्या.

"हिथं दाबतो," ती म्हणाली. "हिथं पन. अन् तू यात धावलीस."

रिक्षा आली, थांबली, कोणी चढेना म्हणून निघून गेली.

"काढ ना ग आता," दक्षा रडत म्हणाली.

"थांब," गंगी म्हणाली. बुटावरचा हात तिने काढला नव्हता. "माना कळूं दे."