मुखपृष्ठावर एकटंच नाव

दक्षिण कोरियातल्या सेजोंग शहरात, आमच्या धोरण-संशोधन संस्थेत अहवालावर आधी संचालकांचं नाव येतं, मग राबणाऱ्याचं. त्याची मला सवय होती. पण माझा अहवाल छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर एकटंच नाव होतं: प्यो सांग-हुन, संचालक. माझं, यॉन मि-रानचं, नाव आतल्या पानांतही नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूल झालं की जिल्ह्याने रोख बक्षीस द्यायचं, या योजनेने जन्मदर वाढत नाही, हे मी गावोगाव फिरून दाखवून दिलं होतं. जोडपी बक्षिसाच्या जिल्ह्यात पत्ता नोंदवतात आणि पैसे मिळाले की निघून जातात. योजना मुळात प्यो साहेबांची, त्यांची सगळी कारकीर्द तिच्यावरच उभी. माझी नोकरी मात्र कंत्राटी, वर्षअखेरीला संपणारी. अहवालावर नाव नसेल तर पुढे मला कोण विचारणार होतं?

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. ते शांतपणे बार्लीचा चहा पीत होते.

"सर, माझं नाव छापायला शाई कमी पडली का?"

"आधी समितीपुढे जाऊन येऊ," ते म्हणाले. "तू माझ्या मागे बस. आणि ही जीभ तेवढी आवर तिथे."

संसदेच्या समितीत सदस्य त्यांच्यावर तुटून पडले. बक्षिसाच्या जोरावर मतं मागितलेली माणसं ती. एकाने विचारलं की तुमच्याच योजनेला नावं ठेवणारा हा दीडशहाणा कोण, नाव सांगा, पुढचं आम्ही बघतो. मी खुर्चीत आकसून बसले.

"मीच," प्यो साहेब म्हणाले. "योजना माझी होती, चूकही माझीच. मुखपृष्ठावर दुसरं नाव दिसतंय का तुम्हाला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या नावाचा अहवाल या सदस्यांनी माझ्यासकट गाडला असता. खुद्द योजनाकाराचा कसा गाडणार?

पुढे योजना बदलली, पण प्यो साहेबांना राजीनामा द्यावा लागला. जाता जाता त्यांनी माझी नोकरी कायम केली आणि दुसऱ्या आवृत्तीवर फक्त माझं नाव घातलं. आजही कुणी माझं कौतुक केलं की मला आधी ते आठवतात.

निरोपाच्या जेवणाला शेगडीवर मांस भाजत होतं. मी सोजू दारूची बाटली उचलणार, तोच त्यांनी ती घेतली आणि दोन्ही हातांनी माझा प्याला भरला. असं धाकट्याने थोरल्यासाठी करायचं असतं. मी गडबडून उठले.

"बस गं," ते म्हणाले. "अहवाल तुझा आहे. आज मान तुझा."

थोरांसमोर प्यायचं तर तोंड बाजूला वळवून, ही आमची रीत. एरवी मला तिचा जाच वाटतो. त्या दिवशी मी तोंड वळवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. प्याला केव्हाच रिकामा झाला होता.