राबत्याचा दिवस

गणपतरावांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती काढायला ब्रह्मदेव आला तरी चहा पिऊन परत जाईल. यंदा त्यांच्या डोक्यात मोट शिरली.

राधानगरीच्या वाटेवरच्या या गावानं दूध संस्थेच्या जुन्या इमारतीत आपलं संग्रहालय थाटलंय. गणपतराव त्याचे अध्यक्ष आणि शालन किल्लीवाली. किल्लीवाली म्हणजे नुसती कुलूप लावणारी नव्हे. कुणाच्या माळ्यावर चढून, कुणाच्या शिव्या खाऊन एकेक जातं, उखळ, घोंगड्याचा माग तिनंच गोळा केलेला. गावाचा नियम असा, की वर्षातून एक दिवस प्रत्येक वस्तू भिंतीवरून उतरायची आणि कामाला लागायची. जात्यावर दळायचं, उखळात कांडायचं, विळ्यांना धार लावून गवत कापायचं. त्याला म्हणायचं राबत्याचा दिवस. फक्त मोट तेवढी टांगलेली असायची. बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची ती कातड्याची भली थोरली पिशवी पिराजीतात्यांच्या घरातली. तात्या दरसाल नको म्हणायचे आणि विषय मिटायचा.

यंदा कोल्हापुरातनं पाहुणे येणार म्हटल्यावर गणपतराव पेटले. आणि खरं सांगायचं तर शालनही पेटली.

"तात्या, सगळ्या वस्तू राबत्यात, मोटंनंच काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. "बैल आमचं घ्या की."

तात्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि गावात मोट हाकलेला आता हा एकच माणूस. ते म्हणाले, "बैलास्नी मागं सरायला शिकवा. आठ दिस, रोज. मोटंचा बैल जेवढा फुडं जातोय तेवढाच मागं येतोय. त्ये जमलं न्हाई तर माझ्याकडं येऊ नका."

शालनचा मुलगा सूरज हे ऐकून हसला. हरण्या आणि कौशा ही जोडी त्यानं उसाच्या गाडीला तयार केलेली. साखर कारखाने महिन्यावर सुरू व्हायचे होते आणि घर चालायचं ते या दोन बैलांवर. "बैलाला मागं सरायला काय शिकवायचं? बैलच की त्यो!" असं म्हणून पठ्ठ्यानं दोन दिवस सराव केला आणि उरलेले सहा दिवस शिंगं रंगवली. शालनला ते दिसत होतं. तात्यांना सांगावं असं तिच्या मनातही आलं. पण सांगितलं असतं तर मोट पुन्हा भिंतीवर गेली असती, आणि तिला ती चालताना बघायची होती. म्हणून बाई गप्प बसली.

राबत्याच्या दिवशी तात्यांच्या विहिरीवर निम्मं गाव लोटलं. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी बैलांची वाट, म्हणजे धाव, सूरजनं खोऱ्यानं नीट केलेली. काठावर चाक बसवलेलं, चाकावरून मनगटाएवढा जाड नाडा गेलेला. नाड्याच्या एका टोकाला विहिरीत मोट, दुसऱ्या टोकाला जू, आणि जुवाखाली हरण्या-कौशा. तात्यांनी डोक्याला पटका बांधला, कासरा हातात घेतला आणि तोंडानं नुसतं "हं" केलं.

बैल धाव उतरले. चाक कुरकुरलं, मोट वर आली आणि काठावरच्या दगडी कुंडात, म्हणजे थारोळ्यात, धबाधबा पाणी पडलं. लोकांनी असा गलका केला की विचारू नका! शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं तात्यांची मनधरणी केली त्याचं चीज झालं, असं तिला वाटलं.

पण आता बैलांनी मागं सरायला हवं होतं. हरण्या सरेना. सूरजनं पुढून छाती रेटली, तात्यांनी गोंजारलं, तेव्हा कुठं एकेक पाऊल करत जोडी काठापाशी आली. तात्यांनी मान वळवून सूरजकडं पाहिलं. त्या एका नजरेत सूरजचं सगळं शिंगरंगकाम उतरलं.

"बास आता. सोडा बैल," तात्या म्हणाले.

"आणि एक खेप!" गणपतराव ओरडले. "पावण्यांचं फोटू ऱ्हायल्यात!" आणि त्यांनी हलगीवाल्याला हात केला.

तिथंच घात झाला. मोट भरून निम्म्यावर आली आणि हलगी कडाडली. हरण्या बिथरला, आडवा झाला. धावेवर सांडलेल्या पाण्यानं चिखल झालेला. त्याचे मागचे पाय सरकले, तो गुडघ्यावर आला आणि भरली मोट बैलांनाच विहिरीकडं ओढायला लागली. कौशा फरफटत मागं निघाला. हरण्याच्या गळ्यात जू रुतलं, डोळे पांढरे झाले. सूरज त्याच्या मानेला मिठी मारून नुसता "आई! आई!" करत होता. काठ सात-आठ हातांवर आला.

चार गडी नाड्याला लोंबकळले, पण चिखलात कुणाचा पाय ठरेना. जुवाची गाठ ओझ्यानं अशी करकचली होती, की तिथं बोटसुद्धा शिरेना.

"नाडा तोडा!" कुणीतरी ओरडलं.

"खबरदार!" गणपतराव गरजले. "मोट जाईल! जिल्ह्यात अशी दुसरी न्हाई!"

तात्यांनी कासरा धरलेला, पण ते दगडासारखे उभे. शालननं त्यांच्याकडं पाहिलं, हरण्याकडं पाहिलं. गवत कापणाऱ्या बायकांतल्या एकीच्या हातातला विळा तिनं हिसकावला आणि "बाजूला व्हा!" म्हणत नाड्यावर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला नाडा तुटला आणि फटकाऱ्यासारखा चाकावरून पळाला. विहिरीच्या दगडांवर मोट आपटल्याचा, फाटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

हरण्या पडूनच राहिला. सूरजनं जू काढलं. बैलानं मोठा श्वास घेतला, पाय झाडले आणि थरथरत उभा राहिला. सूरज हमसून हमसून रडायला लागला.

शालनला तात्यांकडं बघवेना. "तात्या, माझंच चुकलं," ती म्हणाली. "बैल शिकलं नव्हतं, मला म्हाईत हुतं. आणि तुमच्या बाची मोट मीच घालवली."

तात्या चिखलातच खाली बसले. "ती मोट कशाची हाय, म्हाईत हाय तुला?"

"कातड्याची."

"पवळ्याच्या कातड्याची. आमचा बैल. मी दहा वर्साचा हुतो. असाच घसरला, हितंच. आई वरडत हुती, नाडा तोडा, नाडा तोडा. इळा बाच्या कमरंला हुता. बा म्हनला, नाडा कालच आणलाय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पवळ्या गेला. बानं त्येचंच कातडं कमावून मोट केली. हिरीवर इंजान येस्तवर मी पाच वर्सं हाकली ती. रोज."

गणपतराव दोरीला गळ बांधत विहिरीपाशी आले. "काढूया वर. शिवून घिऊ, टांगायला तरी हुईल."

तात्या उठले आणि त्यांनी गणपतरावांचा हात धरला.

"लई पाणी वडलं त्येनं," ते म्हणाले. "आता त्येला कुणी वडू नका."

गणपतरावांनी गळ खाली ठेवला.