अंगडं घातलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. विजेवर चालणारा, दोन माणसांपुरता भात शिजवणारा, पोटाने गोल आणि उंचीने ठेंगणा. माझ्या काचेच्या झाकणाची मूठ केव्हाच तुटली आणि तिच्या जागी आता कोटाचं एक मोठं काळं बटण आहे. ते बटण तिथे कसं आलं हे सांगायचं तर सगळीच हकीकत सांगावी लागेल, आणि त्या हकिकतीत माझी मान खाली जावी असे प्रसंग बरेच आहेत. माझ्या भाऊबंदांनी आयुष्य ओट्यावर काढलं. मी ते बॅगेच्या तळाशी काढलं, कपड्यांखाली, चोरीच्या मालासारखं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून माझं पोट घडवलं, तळाशी तापणारी थाळी बसवली, आत पांढरंशुभ्र भांडं ठेवलं. तपासणाऱ्या बाईने माझ्यात पाणी उकळून पाहिलं आणि ‘हा चांगला आहे’ म्हणत पाठीवर थाप मारली. पुढे दुकानाच्या काचेत उभा असताना मी भलत्याच तोऱ्यात होतो. शेजारी इस्त्री होती, मिक्सर होता, पण येणारंजाणारं फक्त मलाच बघतंय असं मला वाटायचं. हसू नका, नव्या वस्तूंना असं वाटतंच.

मला घरी नेलं ते कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी. गल्लीत सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. त्यांना एकच मुलगी. ती टेबल टेनिस खेळायची, आणि खेळताना टेबलाभोवती अशी गरगरायची की तिचं नाव भिंगरी पडलं. ही भिंगरी लहानपणी सारखी आजारी असे. जेवली की पोट धरून बसायची, वजन भरत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी कारण शोधलं. ते म्हणाले, “हिला गहू चालत नाही. पूर्ण बंद. गव्हाचं पीठ लागलेलं भांडंसुद्धा नको.” त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या घरात आलो, एकट्या भिंगरीचं वेगळं भांडं म्हणून.

ते माझे खरे सुखाचे दिवस. खाली भात, वर चाळणीत भाज्या, कडेला एखादं अंडं, असा मी एका दमात पोरीचं जेवण तयार करी. पाणी उकळलं की माझं झाकण थडथडायचं. तो आवाज ऐकला की भिंगरी बॅट टाकून ताटाशी येऊन बसायची. तिचे गाल वर आले, पायांत जोर आला. शेजारीण म्हणाली, “टेलरबाई, पोरगी ओळखू येईना की हो!” तेव्हा टेलरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मी अजून ते विसरलो नाही.

मग भिंगरी बाहेरगावी सामने खेळू लागली आणि माझी हॉटेलची वारी सुरू झाली. हॉटेलात सकाळी ब्रेड, दुपारी मैद्याचं काहीतरी, आणि ऑम्लेट करायचं तर तेही ब्रेड भाजलेल्याच तव्यावर. एकदा तसं ऑम्लेट खाऊन भिंगरी सामन्याऐवजी न्हाणीघरात दिवस काढून आली. त्यानंतर टेलरबाईंनी ठरवलं की मी बरोबर जाणार. पण हॉटेलांच्या खोल्यांत दारामागे पाटी असते, खोलीत स्वयंपाक करू नये. टेलरबाईंनी ती पाटी वाचली होती. कुणाला विचारायला जावं, आणि तोंडावर नाही म्हणाले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला. सगळी गडबड तिथे झाली.

एके दिवशी त्यांनी मापाची टेप काढून माझी छाती आणि कंबर मोजली. दोन्ही एकच निघाली, म्हणून स्वतःशीच हसल्या. कोटांच्या उरलेल्या कापडात कापूस भरून, टाके घालून त्यांनी माझ्यासाठी जाडजूड अंगडं शिवलं, समोर मोठी काळी बटणं लावली. ते घातल्यावर मी कुकर आहे हे कुणालाच कळेना. आत ऊब टिकायची, भात मऊ राहायचा. शिवण इतकी सुबक होती की मला मिरवावंसं वाटे. पण ते अंगडं मला मिरवण्यासाठी नव्हतं, झाकण्यासाठी होतं. हे समजल्यापासून मला ते टोचू लागलं.

हॉटेलात मला न्हाणीघरात, बेसिनशेजारी ठेवत. वाफ काढणारा पंखा लावत, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावत. सफाईवाल्या बाईंनी दार वाजवलं की टेलरबाई नळ सोडून ओरडत, “अंघोळ चाललीय, नंतर या हं!” अशा त्यांच्या दिवसातून चार चार अंघोळी होत. माझं झाकण थडथडलं की भिंगरी माझ्याकडे बघून “श्श्!” करायची. मित्रांनो, घरी ज्या आवाजावर ती धावत यायची तोच हा आवाज होता. आपण ज्या कामासाठी जन्मलो तेच काम करताना कुणी गप्प बसवलं की अंगातली वाफ अंगातच जिरते. मी जमेल तितकं हळू उकळायला शिकलो.

पुढे भिंगरीची मोठ्या संघात निवड झाली. घरात आनंदीआनंद झाला, पण संघाच्या सरांचा नियम कडक होता. पालकांनी बरोबर यायचं नाही. भिंगरीने आपला आजारही सरांना सांगितला नव्हता. मागच्या वर्षी पोट बिघडून परत गेलेल्या मुलीला पुन्हा घेतलंच नाही, असं मुली बोलत होत्या. भिंगरीने आईला सांगितलं, “तू वेगळी ये. वरच्या मजल्यावर राहा. खाली भेटलीस तर ओळख दाखवू नकोस. माझी जागा जाईल ग.” टेलरबाई म्हणाल्या, “बरं.” त्यांनी एवढंच म्हटलं, पण मला बॅगेत ठेवताना अंगड्याची बटणं दोनदा उघडून दोनदा लावली.

पहिले सामने छान झाले. भिंगरी मैत्रिणींना ‘मला भूक नाही’ म्हणायची आणि चोरपावलांनी जिन्याने वर येऊन जेवून जायची. मग महत्त्वाच्या सामन्याची सकाळ उजाडली. मी न्हाणीघरात ऐन उकळीला आलो होतो आणि हॉटेलभर आगीची घंटा खणाणली.

टेलरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, माझ्याच वाफेने झालं हे. मलाही तेच वाटलं. त्यांनी वायर उपटली, मला अंगडं चढवलं आणि छातीशी धरून जिना उतरू लागल्या. मला खोलीत टाकून जाणं सोपं होतं, पण माझ्या पोटात भिंगरीचं जेवण होतं. जिन्यावर गर्दी, धक्काबुक्की. एका वळणावर माझी मूठ कठड्याला आपटून तुटली आणि झाकण तिरकं झालं. पण बटणं उघडून ते सरळ करायला वेळ नव्हता.

खाली अंगणात सगळे पाहुणे कुडकुडत उभे होते. एका वयस्कर बाईंनी टेलरबाईंच्या कुशीतलं गाठोडं पाहिलं आणि हाकारा केला, “अरे, बाळ आहे, बाळ! वाट द्या. खुर्ची आणा कुणीतरी.” खुर्ची आली. टेलरबाई नाही म्हणेपर्यंत त्यांना बसवलंसुद्धा. त्या बाई वाकून म्हणाल्या, “किती शांत झोपलंय ग. मुलगा की मुलगी?”

टेलरबाईंनी समोर पाहिलं. भिंगरी संघाच्या कपड्यांत मैत्रिणींबरोबर उभी होती. टेलरबाई म्हणाल्या, “मुलगी.”

आणि नेमकी तेव्हाच माझी फजिती झाली. तिरक्या झाकणातून भाताचं गरम पाणी निसटलं, कापूस भिजला, आणि टेलरबाईंच्या मांडीवरून थेंब थेंब फरशीवर पडू लागलं. “अगंबाई, ओलं केलं की!” म्हणत त्या बाईंनी मायेने एक बटण उघडलं. आतून भसकन वाफ आली. बाई दचकून मागे सरल्या. “अहो, बाळ कसलं, हा तर कुकर आहे!”

हसण्याची लाट उठली. माणसं पोट धरून हसली. संघातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसल्या. आणि भिंगरीही हसली. इतरांपेक्षा जरा जास्तच मोठ्याने हसली. टेलरबाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. गरम पाण्याने त्यांची मांडी भाजत होती, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. तरी त्या क्षणी मला फरशीत विरघळून जावंसं वाटलं.

हॉटेलचे मॅनेजर पुढे आले. “बाई, खोलीत स्वयंपाक चालत नाही. पाटी वाचली नाही का? बरोबर कोण आहे तुमच्या?”

भिंगरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

“कुणी नाही,” टेलरबाई म्हणाल्या. “मी एकटीच आहे.”

तेवढ्यात वेटर धावत आला. हॉटेलच्याच स्वयंपाकघरात टोस्टरमध्ये ब्रेड अडकून जळाला होता, त्याचा धूर झाला होता. माझा काही संबंध नव्हता. पण हसून झालं होतं, बोलून झालं होतं, आणि मी मॅनेजरांच्या हातात गेलो होतो. “खोली सोडताना घेऊन जा,” म्हणत त्यांनी मला स्वागतकक्षातल्या फळीवर, लोकांनी विसरलेल्या छत्र्यांच्या रांगेत ठेवलं.

दिवसभर मी तिथून पाहत होतो. माझ्या पोटात भात गार होत गेला. टेलरबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत परक्यासारख्या बसून होत्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून उभ्या राहत आणि पुन्हा बसत.

संध्याकाळी संघ परतला. मुलींच्या बोलण्यावरून कळलं की भिंगरी सकाळपासून फक्त केळ्यांवर होती. जिंकत आलेल्या डावात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ती टेबलाशीच खाली बसली आणि संघ हरला. सर वैतागले होते, पण घाबरलेही होते. त्यांनी तिला माझ्या समोरच्याच सोफ्यावर बसवलं, सूप आणि टोस्ट मागवले. “चल, संपव आधी हे. काय नखरे लावलेस खाण्याचे?”

त्या सुपात मैदा असतो हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. कोपऱ्यात टेलरबाई अर्ध्या उठल्या. ओळख दाखवायची नाही हे आठवून पुन्हा बसल्या. भिंगरीने चमचा भरला. तो ओठांपर्यंत आला. खरं सांगतो, ते सूप पिणं तिला बोलण्यापेक्षा सोपं वाटत होतं. मग तिची नजर वर छत्र्यांकडे गेली, आणि मी तिला दिसलो, ओल्या अंगड्यात, एक बटण उघडं असलेला.

तिने चमचा खाली ठेवला.

“सर, मला गहू चालत नाही. आजार आहे मला. मी लपवलं.” तिने फळीकडे बोट दाखवलं. “तो कुकर माझा आहे. आणि सकाळच्या त्या बाई... ती माझी आई आहे.”

एक मैत्रीण हळूच म्हणाली, “अगं, आम्ही किती हसलो त्यांना.”

“मीपण हसले,” भिंगरी म्हणाली, आणि रडायला लागली.

टेलरबाई कोपऱ्यातून आल्या. आता त्या काहीतरी मोठं बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फळीवरून मला उतरवलं, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “हा सकाळचा आहे, टाकावा लागेल. नवा लावते. रडू नकोस, उपाशीपोटी डोकं दुखतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बाळाने ओलं केल्यावर सगळेच हसतात ग.” पण बोलताना त्या भिंगरीकडे बघत नव्हत्या. त्यांना ते लागलं होतं, आणि भिंगरीला ते कळलं होतं.

सर खाली मान घालून म्हणाले, “मी विचारायला हवं होतं.” मॅनेजर डोकं खाजवत म्हणाले, “बाई, आधी सांगितलं असतं तर स्वयंपाकघरात वेगळी जागा करून दिली असती. पाटी आहे ती खोलीतल्या आगीच्या भीतीने हो, कुणाला उपाशी ठेवायला नाही.” त्यांनी खरंच एक कोपरा स्वच्छ पुसून दिला. त्या संध्याकाळी मी पंखा आणि टॉवेल नसताना, मोकळ्या आवाजात थडथडलो. कुणी “श्श्” केलं नाही.

घरी गेल्यावर टेलरबाईंनी अंगडं उसवलं. कापडाचं भिंगरीच्या बॅटसाठी कव्हर झालं आणि एक बटण माझ्या झाकणाला मूठ म्हणून बसलं.

मित्रांनो, आता मी थकलोय. माझी थाळी उशिरा तापते, भांड्याचा पांढरा रंग पिवळा पडलाय. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर भांड्याची बाहेरची बाजू कोरडी पुसून मगच आत ठेवा, आणि आम्ही गरम असताना वायर आमच्या अंगाला गुंडाळू नका. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं साथ देतो. आणि कुणी तुमच्यासाठी काही हातात घेऊन चारचौघांत उभं असेल, तर बुटाच्या नाडीकडे बघू नका. मी लपून राहिलेला आहे, म्हणून सांगतो.

भिंगरी आता मोठी झालीय. ती लहान मुलांचे संघ घेऊन गावोगाव जाते, आणि निघण्याआधी प्रत्येकाला विचारते, “तुला खायला काय चालत नाही? लाजू नकोस.” हॉटेलात शिरलं की ती मला आधी काउंटरवर ठेवते, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. टेलरबाईंचे गुडघे दुखतात, त्या मागे खुर्चीत बसलेल्या असतात. काउंटरवरचा माणूस विचारतो, “बरोबर कोण आहे?”

“माझी आई आहे,” भिंगरी म्हणते, गरजेपेक्षा खूप मोठ्याने, सगळं हॉटेल वळून बघेल इतक्या मोठ्याने.

आणि टेलरबाई दर वेळी मागून म्हणतात, “हळू ग. मला ऐकू येतं.”